घर घेऊन हर्णैला: कॅम्पर व्हॅन, मासळीचा लिलाव आणि खाल्लेला एक ओरडा

पौडफाटा
आधीच सांगतो, हौस म्हणून कॅम्पर घेतली नव्हती. आईला बाहत्तरावं लागलंय, दोन्ही गुडघे कुरकुरतात. कोकणात जायचं म्हटलं की तिचा पहिला प्रश्न, "वाटेत सोय काय?" सोय म्हणजे काय ते चाळिशीपुढच्या सगळ्यांना कळेल. चार वर्षं आम्ही लोणावळ्याच्या पलीकडे गेलो नाही ते या एका प्रश्नापायी. मग बायकोने कुठूनतरी शोध लावला की पुण्यात कॅम्पर व्हॅन भाड्याने मिळते, ड्रायव्हरसकट. चार जण झोपतील एवढी जागा, ओटा, छोटा फ्रीज आणि मुख्य म्हणजे संडास. आई गाडीत चढली, दार उघडून तेवढं एक पाहिलं आणि म्हणाली, "चला."

भाडं दोन खोल्यांच्या हॉटेलपेक्षा जास्त पडलं. स्वस्त पडेल म्हणून कोणी जाणार असेल तर इथेच वाचन थांबवावं.

पहाटे साडेपाचला कोथरूड सोडलं. मुळशी, ताम्हिणी, माणगाव, मग गोरेगावकडून आंबेतचा पूल ओलांडून मंडणगड, दापोली. ताम्हिणीत पहिला धडा मिळाला: घरातले डबे घरातच बरे. उजवं वळण आलं की पोह्यांचा डबा डाव्या कप्प्याच्या दारावर थाप मारायचा, डावं आलं की चमचे उत्तर द्यायचे. टाकीतलं पाणी वेगळंच डुचमळत होतं. तिसऱ्या वळणाला आईने सगळी भांडी चादरीत गुंडाळून स्वतःच्या पायाशी घेतली आणि उरलेला घाट शांततेत उतरलो.

दापोलीहून हर्णैला उतरताना आसूदचा पट्टा लागतो. नारळी-पोफळी दोन्ही बाजूंनी अंगावर येतात, सुंदरच दिसतं, पण ते मोटारीतून. आमची गाडी दहा फूट उंच. एका वळणावर फणसाच्या फांदीने टपावरच्या झरोक्याचं झाकण खटकन उडवलं. ड्रायव्हरदादा शांतपणे उतरले, झाकण शोधून आणलं, सुतळीने बांधलं आणि म्हणाले, "झाड आधीपासून होतं साहेब."

हर्णैला पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. शुद्ध चतुर्दशी. तिथी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे कळलं की तिथे तारखेला कोणी विचारत नाही.

आता ओरडा. बंदराकडे जाणारा रस्ता अरुंद, गाडी वळवायला जागा नाही. एका बाजूला छान सपाट, झाडून ठेवल्यासारखी मोकळी जमीन दिसली. आम्ही पुणेकर, मोकळी जागा दिसली की पार्किंग. गाडी लावली, पायऱ्या उतरवल्या, बाहेर खुर्च्या मांडल्या. चहाचं आधण ठेवलं तोवर एक बाई आल्या. हिरवं लुगडं, डोक्यावर रिकामी टोपली. गाडीकडे बघितलं, खुर्च्यांकडे बघितलं.

"दादा, ही वाट नाय, वाळवण हाय."

मी म्हटलं, इथे तर काहीच नाही. त्यावर जे ऐकलं ते त्यांच्या बोलीत मला लिहिता येणार नाही. सार असं, की काही नाही कारण ते आता येणार आहे. सकाळी झाडून घेतलंय ते तुमच्या खुर्च्यांसाठी नाही. आणि तुमच्या गाडीखालून जे टपकतंय त्यावर उद्या जवळा पसरायचा का? खाली बघितलं. बेसिनची नळी सुटली होती. भांडी धुतलेलं साबणाचं पाणी एका रेषेत त्या झाडलेल्या जमिनीवर चाललं होतं.

इतकं लाजल्यासारखं मला मागच्या दहा वर्षांत झालं नव्हतं. गाडी काढली, गावाबाहेर एका नारळाच्या वाडीत मालकाला विचारून, पैसे ठरवून लावली. तिथून बंदरापर्यंत पायी वीस मिनिटं. आईसाठी रिक्षा.

साडेचारला लिलाव बघायला गेलो. ओहोटी होती, त्यामुळे पाणी पार लांब. मोठ्या बोटी आत नांगरलेल्या, त्यांच्यातून छोट्या होड्यांमध्ये माल उतरतो, आणि होडी टेकते तिथून किनाऱ्यापर्यंत बैलगाडी. चाकं निम्मी पाण्यात, बैल इतके निवांत की जणू मंडईतून घरी चाललेत. किनाऱ्यावर ओल्या वाळूवरच ढीग लागतात: सुरमई, पापलेट, बांगडे, कोळंबी, म्हाकूळ, मांदेली, आणि नावं माहीत नसलेलं बरंच काही. एका ढिगाभोवती आठ-दहा बायका, दोन-तीन व्यापारी, मध्ये बोली पुकारणारा. आकडा इतक्या पटकन चढतो की कोण वाढवतंय हे मला अर्धा तास कळलं नाही. मग लक्षात आलं, कोणी तोंड उघडतच नाही. एकजण भुवई उडवतो, एकजण हनुवटी हलवतो. एक बाई दुसरीशी गप्पा मारता मारता नुसता हात उलटा करत होत्या आणि सुरमईचा अख्खा ढीग त्यांच्या नावावर झाला.

आई मासे खात नाही. जन्म सदाशिव पेठेतला. मला वाटलं वासाने परत जाऊ म्हणेल. पण परतताना बघतो तर ती एका उलट्या टोपलीवर बसलेली आणि शेजारी दुपारच्या त्याच हिरव्या लुगड्याच्या बाई. दोघींचा विषय गुडघे.

दुसऱ्या दिवशी होडीने सुवर्णदुर्ग केला, परत येताना कनकदुर्गाच्या दीपगृहापाशी थांबलो. तिसऱ्या दिवशी आंजर्ले, केळशी करत वेश्वीला येऊन फेरीबोटीने बागमांडल्याला उतरलो, तिथून म्हसळा, माणगाव, पुणे. फेरीवर चढताना आणखी एक घोटाळा झाला, तो प्रतिसादांत लिहितो, आधीच फार लांबलंय.

कोणाला विचारायचं असेल तर विचारा. फोटो उद्या टाकतो.

वाटसरूबाई
मस्त लिहिलंय! फोटो, फोटो, फोटो.

तिरकस
घर बरोबर घेऊन फिरायचं तर घरीच का बसू नये, हा माझा जुना प्रश्न. हर्णैला जायचं आणि झोपायचं कोथरूडच्याच गादीवर?

पौडफाटा
@तिरकस, गादी कोथरूडच्या गादीपेक्षा चार इंच आखूड होती. पाय बाहेर काढून झोपलो. एवढा प्रवासाचा त्रास पुरे का?

डिझेलभट
धागा वाचून आनंद झाला. आमच्यासारख्या गाडीवेड्यांसाठी थोडं तांत्रिक.

भाड्याने घेताना गाडी कॅम्पर म्हणून रीतसर नोंदलेली आहे ना ते आरसीवर बघून घ्या. आपल्याकडे मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं मानक आहे, त्यानुसार बनलेली गाडी वेगळी आणि कोणी टेम्पो ट्रॅव्हलरमधल्या सीट काढून पलंग ठोकलेली गाडी वेगळी. दुसऱ्या प्रकारात अपघात झाला तर विम्यावाले हात वर करू शकतात. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण किनाऱ्यावरच्या गावात संध्याकाळी सहाला गाडी कुठे उभी करायची हे धोरणाला विचारता येत नाही, वाडीमालकालाच विचारावं लागतं. ते तुम्ही केलंत, उत्तम.

दोन प्रश्न: (१) सांडपाण्याची टाकी किती लिटरची होती आणि कुठे रिकामी केली? (२) फेरीवरचा घोटाळा म्हणजे मागचा भाग घासला ना? मी पैज लावतो.

पौडफाटा
पैज जिंकलात.

वेश्वीला पोचलो संध्याकाळी पाचला. आदल्या दिवशी पौर्णिमा झालेली, म्हणजे उधाणाचे दिवस. भरती जेवढी मोठी, ओहोटीही तेवढीच खोल. धक्का उतरता, फेरी खाली गेलेली. मोटारी सुरसुर चढत होत्या. आमच्या गाडीचा मागच्या चाकांच्या मागे निघालेला भाग जवळजवळ सहा फूट. पुढची चाकं फेरीच्या फळीवर चढायला लागली आणि मागचं बूड धक्क्याच्या सिमेंटला टेकलं. करर्र असा आवाज, आणि आईचा आवाज, "थांबवा हो!" शेवटी फेरीवरच्या पोरांनी दोन लाकडी फळ्या चाकांखाली सरकवल्या, ड्रायव्हरदादांनी तिरकी घेत घेत चढवली. नुकसान: एक बंपर, आणि माझा रक्तदाब. दोन तास आधी आलो असतो तर पाणी वर असतं आणि हे काहीच झालं नसतं.

टाकीचं म्हणाल तर ताजं पाणी शंभर लिटर, सांडपाण्याची त्याच्या निम्मी. म्हणजे हिशेब कोणीतरी कागदावर केलाय, संसारात नाही. सांडपाणी वाडीत मालकाने दाखवलेल्या आळ्यात सोडलं, तेही साबण न वापरता. संडासाची पेटी मालकाच्याच संडासात रिकामी केली. ते काम कोणी केलं हे विचारू नका, बायको हा धागा वाचते.

घासफूस
आम्ही शाकाहारी आहोत. लिलाव बघण्यात अर्थ आहे का? वास किती?

वाटसरूबाई
@घासफूस, शाकाहारी माणूस कुस्ती बघायला जातोच ना?

जुनापाना
हर्णैचा उल्लेख आणि इतिहास दोन ओळींत उरकला म्हणून मला राहवत नाही.

गावात आणि गावासमोर मिळून चार किल्ले आहेत. पाण्यात सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. फत्तेगडावर आता वस्ती आहे, किल्ला शोधावा लागतो. कनकदुर्गाचे बुरूज आणि दीपगृह उरलंय. तिन्ही छोटे किल्ले समुद्रातल्या मोठ्याचे पहारेकरी. सुवर्णदुर्ग शिवाजी महाराजांनी घेऊन बळकट केला, आणि कान्होजी आंग्र्यांची कारकीर्द घडली ती तिथेच. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत हा आहे. आत झाडी माजलीय, पण दरवाज्याच्या पायरीवरचं कासव आणि भिंतीतला मारुती चुकवू नका.

१७५५ चं प्रकरण मात्र आपल्याला शाळेत घाईघाईने शिकवतात. कान्होजींचे चिरंजीव तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानेनात. नानासाहेबांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. कमोडोर विल्यम जेम्स 'प्रोटेक्टर' जहाज घेऊन आला, जमिनीवरून पेशव्यांची फौज, आणि एप्रिलमध्ये सुवर्णदुर्ग पडला. पुढच्याच वर्षी विजयदुर्ग. आपलंच आरमार आपणच परक्याच्या तोफांनी बुडवलं. पन्नास वर्षं पुढे जा.

२५ ऑक्टोबर १८०२. हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशवे-शिंद्यांच्या फौजेला धूळ चारली. दुसरा बाजीराव पुणं सोडून पळाला: सिंहगड, रायगड, महाड, आणि मग कुठे? सुवर्णदुर्ग. तिथून इंग्रजांच्या मदतीने वसई, आणि ३१ डिसेंबरला वसईचा तह. ज्या किल्ल्यावर आजोबांनी इंग्रजांना बोलावलं, त्याच किल्ल्यावरून नातू इंग्रजांकडे गेला.

तिरकस
थोडक्यात, सुट्टीत घाट उतरून हर्णै गाठायची पुणेकरांची प्रथा १८०२ पासूनची आहे. फरक एवढाच की बाजीरावाला कॅम्पर मिळाली नाही.

प्रश्न एक. दुसरा बाजीराव नानासाहेबांचा नातू कसा? राघोबादादांचा मुलगा ना तो?

जुनापाना
@तिरकस, बरोबर पकडलंत. राघोबादादा नानासाहेबांचे सख्खे धाकटे भाऊ, म्हणजे बाजीराव पुतण्या. वाक्य जमवायच्या नादात नातं बिघडवलं. ते वाक्य 'काकांनी बोलावलं, पुतण्या गेला' असं वाचावं. संपादनाची मुदत संपलीय.

वाटसरूबाई
'काका, मला वाचवा'ची उलटी आवृत्ती.

टेम्सकाठचा
जुनापाना यांच्या प्रतिसादाला शेपूट जोडतो.

मी लंडनच्या आग्नेय भागात राहतो. आमच्याकडे शूटर्स हिल नावाची टेकडी आहे, तिच्यावरच्या रानात एक तिकोनी मनोरा उभा आहे. नाव सेव्हर्नड्रूग कॅसल. मी पहिली दोन वर्षं समजत होतो की सेव्हर्न नदीवरून नाव असेल. एके दिवशी पाटी नीट वाचली. सेव्हर्नड्रूग म्हणजे सुवर्णदुर्ग! तोच विल्यम जेम्स. पुढे सर झाला, १७८३ मध्ये वारला, आणि बायकोने १७८४ मध्ये त्याच्या आठवणीसाठी हा मनोरा बांधला. उंची ६३ फूट. मधे बरीच वर्षं बंद पडला होता, दुरुस्ती करून २०१४ मध्ये उघडला. खाली चहाचं दुकान आहे. तिथे बसून स्कोन खाताना मला दापोलीच्या एसटी स्टँडवरचा वडापाव आठवला, आणि शेजारच्या गोऱ्या आजींना मी सांगितलं की याचा खरा मालक समुद्रात उभा आहे. त्यांना वाटलं मी माझ्या वडिलांबद्दल बोलतोय.

इकडे येणाऱ्यांनी जरूर बघावा. हर्णैचं नाव विलायतेत दगडात कोरलेलं बघून काय वाटतं ते सांगता येत नाही. राग येतो आणि फोटोही काढावासा वाटतो.

हर्णैची लेक
सकाळपासून हा धागा वाचतेय, लिहू की नको करत होते. माझं माहेर पाजपंढरी, म्हणजे हर्णैला लागूनच. आता लग्न होऊन पिंपरीत.

पौडफाटा, तुम्ही चूक कबूल केलीत म्हणून नीट सांगते. ती जमीन तुम्हाला रिकामी दिसली ना, तसंच सगळ्यांना दिसते. शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. सुकी मासळी म्हणजे आमच्या बायकांची बँक आहे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, त्याआधी-नंतरही वारा उलटा असला की होड्या निघत नाहीत. त्या दिवसांत घर चालतं ते उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या जवळ्यावर, बोंबलावर. त्यावर डिझेलचा एक थेंब पडला तर टोपलीच्या टोपली फेकावी लागते. साबणाचं पाणी तर सोडाच. निसर्ग वादळ आलं ३ जून २०२०ला, तेव्हा छपरं उडाली, साठवलेलं सुकं भिजून गेलं. त्या वर्षी माझ्या आईने वाळवणाची जागा पहिल्यांदा साफ केली, घर नंतर.

लिलावाचं थोडं. ढिगाची बोली ही घाऊक असते, तुम्ही एक किलो सुरमई मागायला मधे घुसलात तर लोक वैतागणारच. घरापुरतं हवं असेल तर लिलाव संपू द्या. ज्या बायकांनी माल घेतला त्या तिथेच बाजूला वाटे लावून बसतात, त्यांच्याकडून घ्या. कल्ले उघडून लाल आहेत का बघा, पोटाला बोट दाबून बघा, खड्डा राहिला तर पुढे चला. आणि विचारल्याशिवाय तोंडासमोर मोबाईल धरू नका. बैलांचे काढा हवे तेवढे.

आणखी एक. लिलावात ढीग मोठे दिसतात म्हणून सगळं आलबेल आहे असं समजू नका. रात्री एलईडीचे झगझगीत दिवे पाण्यावर सोडून मासा गोळा करतात आणि पर्ससीन जाळ्याने लहान-मोठा सगळा उपसतात. एलईडीला २०१७ पासून केंद्राची बंदी आहे, पर्ससीनवर राज्याने २०१६ मध्ये निर्बंध घातले. कागदावर. माझा भाऊ छोट्या होडीवर आहे. पूर्वी सकाळी जाऊन संध्याकाळी यायचा, आता तेवढ्याच मासळीसाठी दोन-दोन दिवस बाहेर. डिझेल घरून.

पौडफाटा
@हर्णैची लेक, हे लिहिलंत म्हणून खरंच आभार. मूळ लेखात वर एक ओळ घालतो: वाळवणावर गाडी लावू नये.

मंडईकर
गणेश पेठेतला मासा खाऊन मोठा झालेला माणूस मी. हर्णैच्या वाट्यातली कोळंबी एकदा खाल्ली आणि नंतर महिनाभर पुण्यातली कोळंबी तोंडात रबरासारखी लागत होती. अवांतर: कोळंबी कॅम्परमध्ये शिजवली का? वास राहतो का?

पौडफाटा
शिजवली. बाहेर, सिलेंडर काढून, वाडीत. तरी पडद्यांना वास लागलाच. गाडी परत देताना मालकाने दार उघडलं, थांबला, आणि फक्त "हर्णै का?" एवढंच विचारलं.

शब्दखोर
इतका वेळ सगळे 'लिलाव, लिलाव' म्हणताहेत म्हणून. हा शब्द पोर्तुगीज. त्यांच्याकडे लेलांव. पाव, पगार, चावी, साबण, घमेलं, बटाटा हे त्याच बोटीतून उतरलेले. म्हणजे पौडफाटा, तुमचा साबण आणि त्या बाईंचा लिलाव एकाच गावचे.

तिरकस
आणि त्यांच्यात भांडण लावलं पुण्याने.

घासफूस
माझ्या वासाच्या प्रश्नाचं उत्तर कोणी देईल का?

हर्णैची लेक
@घासफूस, पहिली दहा मिनिटं वास येतो. मग नाक दमतं. ताज्या मासळीला वास कमी असतो, वास सुक्याचा. वारा समुद्राकडून असेल तेव्हा वरच्या अंगाला उभे राहा, म्हणजे पाण्याच्या बाजूला. पांढरे बूट घालू नका.

डिझेलभट
धागालेखकांनी 'तिथे तारखेला कोणी विचारत नाही' लिहिलंय, त्याबद्दल कोणी बोललंच नाही. दत्त जयंतीला जोडून सुट्टी मिळतेय, मी माझी गाडी घेऊन जातोय. संध्याकाळी लिलावाच्या वेळी पाणी कुठे असेल आणि वेश्वीची फेरी किती वाजता धरू?

पौडफाटा
हे मला त्या नारळवाडीच्या मालकाने शिकवलं आणि अजून खिशातल्या चिठ्ठीवर आहे. तिथीला पाऊणपट करा, जे येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती, सकाळी आणि संध्याकाळी. चतुर्थीला तीन. पौर्णिमेला पंधराचे सव्वाअकरा. त्यात साधारण सहा तास मिळवले की ओहोटी. कालनिर्णय आणि पाऊणकीचा पाढा, बाकी काही लागत नाही. पाऊणकी येणारी शेवटची पिढी आईची, त्यामुळे आमच्या गाडीत वेळापत्रक तिच्या हातात होतं.

हर्णैची लेक
बरोबर. थोडं पुढे-मागे होतं, पण आमचे म्हातारे असंच सांगतात. दत्त जयंती म्हणजे पौर्णिमाच, म्हणजे भरती सव्वाअकरा-बाराच्या सुमारास, आणि संध्याकाळी पाचला खडखडीत ओहोटी. लिलाव बघायला छान, बैलगाड्या आत लांबवर जाताना दिसतील. फेरीवर मात्र संध्याकाळी जाऊ नका, दुपारी बाराच्या आत-बाहेर धरा. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस, तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. लांब गाड्यांनी तेव्हाच यावं. सुवर्णदुर्गाला होडी सकाळची धरा, वारा उठायच्या आत.

डिझेलभट
नोंद केली. धन्यवाद. बंपर वाचला तर तुम्हाला श्रेय.

हर्णैची लेक
पौडफाटा, एक विचारायचं होतं. त्या बाई, हिरव्या लुगड्याच्या. डाव्या मनगटावर गोंदलेलं होतं का? आणि बोलताना एक डोळा बारीक करतात?

पौडफाटा
हो! तुळशीवृंदावन गोंदलेलं. डोळ्याचं आईने सांगितलं, मी मान वर करून बघितलं नव्हतं.

हर्णैची लेक
माझी मोठी काकी. मला वाटलंच. ती पुण्याच्या एका आजींबद्दल फोनवर सांगत होती, मासा खात नाही पण ऐकायला चांगली आहे म्हणाली. तिने गुडघ्याला काय लावायला सांगितलं ते लावतात का?

पौडफाटा
लावते. काय आहे ते आम्हाला सांगत नाही, पण घरात कापराचा वास आहे. आणि आता माझ्याकडून एक काम. आईने त्यांच्या नातवाला लोकरीची टोपी विणून द्यायचं कबूल केलंय. कोकणात लोकरीची टोपी कशाला म्हणून मी म्हटलं, तर पहाटे होडीवर वारा लागतो हे तुला काय माहीत, असं ऐकवलं. पत्ता घ्यायचा मात्र दोघीही विसरल्या. तुम्ही शिमग्याला जाणार असाल तर नेऊन द्याल का? पिंपरीला आणून देतो.

हर्णैची लेक
नक्की. शिमग्याला जातेच आहे.

पौडफाटा
आई विचारतेय, नातवाच्या डोक्याचं माप किती? इंच चालतील. निळी लोकर आणलीय, वरचा गोंडा हवा की नको तेही काकींना विचारून ठेवा.